परमिट रूममध्ये एकटं जाताना

मुंबईत एकट्याने निवांत बसायला परमिट रूमसारखी, म्हणजे परवाना असलेल्या साध्या बारसारखी, जागा नाही. एकटं आलेल्याकडे तिथे कोणी वळूनही बघत नाही. नाव आलं ते 1949 च्या दारूबंदी कायद्यातल्या परवान्यावरून. हार्ड दारूला वय 25 पूर्ण लागतं, बिअरला 21.

संध्याकाळी सातच्या आत पोचा. नंतर चौघांचं टेबल एकट्याला मिळत नाही, अनोळखी माणसासमोर बसावं लागतं. त्यातही मजा आहे म्हणा! एसी विभागात तोच माल महाग, म्हणून बसण्याआधी दर विचारा.

खरी चूक होते ती ऑर्डरमध्ये. क्वार्टर म्हणजे 180 मिली, तीसचे सहा पेग, एकट्याला जास्तच. त्याऐवजी 90 मिलीची निप, म्हणजे छोटी बाटली, मागा आणि सील टेबलावरच फोडायला सांगा. सोडा अर्धाच ओता, नाहीतर शेवटचा घोट नुसता पाणचट लागतो. चकन्याला उकडलेले शेंगदाणे येतात, वर कांदा आणि लिंबू. गरम असतानाच खा. गार झाले की पिठूळ लागतात. जेवायचं असेल तर सुरमई फ्राय लवकर सांगा, रात्री दहानंतर चांगले तुकडे संपलेले असतात.

2 ऑक्टोबरला ड्राय डे, त्या दिवशी जाऊ नका.