बाथरूमची चावी

2018 ला बीकॉमची शेवटची परीक्षा झाली, रिझल्ट लागेपर्यंत घरी बसून करायचं काय म्हणून मी पुण्यात एका साड्यांच्या दुकानात लागले. मला वाटलं पहिल्या दिवशी पैठणी कुठली, नारायणपेठ कुठली, घडी कशी मोडायची नाही असलं काहीतरी शिकवतील. ते सगळं नंतर. पहिल्या दिवशी तिथल्या सगळ्यात जुन्या ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "हे बघ, अकराच्या पुढे पाणी जास्त पिऊ नको, एकदम घरी जाऊन पी."

कारण असं की दुकानात टॉयलेट नव्हतं, मागच्या वाड्यात होतं, त्याला कुलूप, आणि चावी गल्ल्यावर शेठच्या मागे खिळ्याला. ती हरवू नये म्हणून तिला तुटक्या लाटण्याचा अर्धा तुकडा बांधलेला. म्हणजे आधी गल्ल्यापाशी जायचं, शेठचा फोन संपेपर्यंत उभं राहायचं, मग चावी द्या म्हणायचं, आणि मग ते लाटणं हातात धरून अख्ख्या दुकानातून, गिऱ्हाइकांच्या समोरून चालत जायचं. लपवायची सोयच नाही, ओढणीत पण मावायचं नाही ते. परत आल्यावर कधी कधी "आत्ताच गेलेलीस ना?" हे पण. पाळीच्या दिवसात काय होत असेल ते सांगत बसत नाही, बायकांना कळेल.

आता शेठ वाईट माणूस होता असं म्हणाल तर तसं अजिबात नाही. एका मुलीचे वडील दवाखान्यात होते तेव्हा तिला न मागता ॲडव्हान्स दिलेला त्यांनी, दिवाळीला बोनस वेळेवर. चावी मागायला लागणं हा कुणाला त्रास असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, त्यांचं घर दुकानाच्या वरच होतं ना.

दुसरं म्हणजे उभं राहणं. सकाळी दहा ते रात्री नऊ, मधे जेवणाची वीस मिनिटं. दुकानात स्टुलं तीन, तिन्ही गिऱ्हाइकांच्या नवऱ्यांसाठी. खरंच, बायका तास तास साड्या बघतात म्हणून नवऱ्यांनी दमू नये याची काळजी होती! गंमत म्हणजे खाली गादी घातलेल्या जुन्या पद्धतीच्या दुकानात असं नसतं, तिथे गिऱ्हाईक पण मांडी घालून आणि दाखवणारा पण मांडी घालून. काउंटर आले, काचा आल्या, एसी आला आणि दाखवणारी उभी राहिली. पहिल्या महिन्यात रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी भिंतीला पाय वर टेकवून झोपायचे. त्या जुन्या ताईंच्या पायावर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या फुगलेल्या, त्या म्हणायच्या हे आमचं पीएफ.

त्याच वर्षी केरळने दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी असा बदल कायद्यात केला, हे मी मोबाईलवर वाचलं आणि ताईंना दाखवलं. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कापड दुकानातल्या बायकांनी त्यासाठी काही वर्षं भांडण मांडलं होतं, पेनकूट्टू नावाची संघटना, त्यात पुढे होत्या विजी, ज्या स्वतः शिवणकाम करायच्या. त्यांची मागणी काय तर बसायला द्या आणि टॉयलेट द्या. म्हणजे अगदी आमचंच की! (पुढे 2021 ला तमिळनाडूने पण तसाच कायदा केला.) ताईंनी बातमी बघितली आणि म्हणाल्या, "खुर्चीसाठी कायदा करायला लागला होय?" आणि साडीची घडी घालायला लागल्या.

मला ते वाक्य अजून आठवतं, कारण खरं तर तोच प्रश्न आहे. उभ्याने काम करणाऱ्याला अधूनमधून बसता यावं हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये लिहिलेलंच होतं, पण तो कारखान्यांचा. दुकानांसाठी महाराष्ट्रात 2017 चा कायदा आला तेव्हा तो लागू झाला दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आम्ही होतो आठ. आणि त्याच्या सव्वाशेक वर्षं आधी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी काय मागत होते, तर दुपारी अर्धा तास सुट्टी आणि आठवड्यातून एक दिवस घरी. रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 ला. आज आपण रविवारी अकरा वाजता उठून पोहे खातो तेव्हा वाटतं हे आपोआपच होतं. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच, एवढ्या तेवढ्यासाठी काय अर्ज करायचे!

बाहेर रस्त्यावर वेगळं काय आहे म्हणा. मुंबईत 2011 पासून राइट टू पी (म्हणजे लघवीला जायचा हक्क) या मोहिमेतल्या बायका हेच विचारत होत्या की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का. पुण्यातल्या मिळून साऱ्याजणी या संस्थेने हायकोर्टात याचिका केली, 2015 च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ टॉयलेटची सोय करा म्हणून निर्देश दिले. तरी आजही बाजारात जायचं म्हटलं की आई आधी चहा नको म्हणते.

मी ते काम पाच महिन्यात सोडलं, सोडताना युरिन इन्फेक्शनची दुसरी वेळ होती. आता ऑफिसात आहे, टॉयलेटला टिश्यू पेपर वगैरे, कुणी विचारत नाही कुठे चाललीस.

पण मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगला गेले (पहिल्यांदाच, सहसा बाबा जातात) आणि विषय निघाला गेटजवळच्या टॉयलेटचा. वॉचमनसाठी बांधलेलं, पण कामाला येणाऱ्या मावश्या पण वापरतात, घाण होतं, म्हणून कुलूप लावायचं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पाच घरं करतात, त्यातल्या तीन घरांची बाथरूम पण त्याच घासतात. मी विचारलं मग त्यांनी जायचं कुठे. एक काका म्हणाले, "त्या त्यांचं बघतात गं." मी जरा जास्तच बोलले, आवाज चढला, बाबा खाली बघत होते. शेवटी तडजोड अशी झाली की कुलूप राहणार पण चावी तळमजल्यावर एका घरात ठेवायची, आणि तळमजल्यावर आम्हीच.

घरी येऊन मावशींना म्हटलं तुम्ही आमचंच बाथरूम वापरा ना, त्या हसल्या, आईकडे बघितलं, आई काही बोलली नाही, नको पण नाही आणि हो पण नाही. ते तिथेच राहिलं.

चावी आमच्या दाराच्या आत खिळ्याला आहे. दुपारी बेल वाजते, मावशी किंवा दुसऱ्या कुणीतरी दारात उभ्या असतात, काही बोलत नाहीत, फक्त खिळ्याकडे बघतात. परवा चावी सापडत नव्हती दहा मिनिटं, सोफ्याखाली गेली होती, तर बाबा म्हणाले, "हिला काहीतरी मोठं बांधा रे."