लीगल, व्हॅलिड की लेजिटिमेट?

या तिन्हींपुढे शब्दकोशात ‘वैध’ किंवा ‘कायदेशीर’ लिहिलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. नाशकात कॉलेज रोडवर फ्लॅट भाड्याने घेताना इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली, की तिन्ही शब्द लागतात.

फ्लॅट भाड्याने देणं लीगल, कारण कायद्याची मनाई नाही. १ जूनला सुरू झालेला ११ महिन्यांचा करार ३० एप्रिलपर्यंत व्हॅलिड. पासपोर्ट, तिकीट, ओटीपी, जिथे मुदत किंवा अट आली तिथे व्हॅलिडच. ‘माय लायसन्स इज लेजिटिमेट’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल, कुणीतरी ते बनावट ठरवलंय आणि तुम्ही आरोप खोडताय.

मराठीत ‘रास्त’ किंवा ‘हक्काचं’ बसतं तिथे लेजिटिमेट बहुधा चालतो: लेजिटिमेट कन्सर्न, लेजिटिमेट रीझन. घरमालक विनाकारण डिपॉझिट अडवत असेल, तर भाडेकरूची तक्रार लेजिटिमेट. करार नोंदवलेला नसला तरीही! ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे नाशकातही सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा.

व्हॅलिड आणि लेजिटिमेट यांची सगळ्यात स्पष्ट फारकत हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १६ मध्ये दिसते. विवाह शून्य, म्हणजे व्हॅलिड नाही. तरी त्यातलं अपत्य लेजिटिमेट, आपल्या भाषेत औरस. याच अर्थामुळे ‘इलेजिटिमेट’ हे विशेषण माणसाला लावू नये, शिवीसारखं लागतं. मागणी गैरवाजवी असेल तर ‘अनरीझनेबल’ लिहावं.

उच्चार साधारण ‘लिजिटिमट’, जोर ‘जि’वर. शेवटी ‘मेट’ म्हटलं की ते क्रियापद होतं. स्पेलिंग हमखास चुकतं ते पहिल्या टीनंतर. तिथे आय हवा, ए नाही. ‘लेजिट’ व्हॉट्सअ‍ॅपवर ठीक, सोसायटीला किंवा बँकेला द्यायच्या अर्जात पूर्ण शब्दच लिहावा.