एसीच्या नळीखालचा हिरवा तुकडा

अलिबाग तालुक्यात आवासच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक बंगला आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथून फोन आला: लॉन पिवळी पडतेय, पाणी तीन वेळा चालू आहे, तरी वाचत नाही. उन्हाळ्यात असे फोन येतातच. बहुतेक ठिकाणी पाणी कमी पडलेलं असतं, नाहीतर स्प्रिंकलरचं नोझल चोंदलेलं असतं. इथे प्रकरण वेगळं निघालं.

लॉन 3000 चौरस फूट, म्हणजे अंदाजे 280 चौरस मीटर. गवत सिलेक्शन वन, आपल्या हरळीच्याच जातीतलं. खाली मूळची रेताड जमीन आणि तिच्यावर डोंगराकडून आणलेल्या लाल मातीचा सहा इंचांचा थर. बाग सांभाळणारे काका सोबत फिरत होते. म्हणाले, "दादा, जेवढं पाणी वाढवलं तेवढी जास्त पिवळी पडली हो. मी बंद केलं तर शेठ म्हणतील काकांनी मारली."

आधी कीड तपासली. हुमणी लागली असेल तर मुळं कुरतडलेली असतात आणि गवत मुठीत धरून ओढलं की सतरंजीसारखं उचलून येतं. इथे घट्ट होतं. वाळवीचा माग नव्हता. बुरशीचे डाग गोलाकार पसरतात, तसंही काही दिसत नव्हतं. पिवळेपणा सगळीकडे सारखा होता आणि प्रत्येक पातीचं फक्त टोक भाजल्यासारखं तपकिरी झालेलं. टोक आधी जळणं ही क्षाराची खूण. पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, कारण युरिया जास्त झाला तरी टोकं अशीच जळतात. युरियाही पडला होताच. पंधरा दिवसांपूर्वी पाच किलो टाकलेला, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ 18 ग्रॅम. गवत जोमात असताना 8 ते 10 ग्रॅम पुरतो, आणि एप्रिलच्या उन्हात ताणात असलेल्या गवताला तर अजिबात देऊ नये.

निकाल लावला तो भिंतीलगतच्या एका तुकड्याने. जेमतेम परातीएवढी जागा, पण गवत असं हिरवंगार की वेगळं लावल्यासारखं. वर एसीची नळी टपकत होती. सुट्ट्यांमुळे पाहुणे रोजचे, एसी दिवसभर चालू. त्या जागेवरही युरिया तेवढाच पडलेला, ऊन तेवढंच, मातीही तीच. फरक फक्त पाण्याचा. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच. मग स्प्रिंकलरचं नोझल काढून पाहिलं. भोकाभोवती पांढरी खपली होती. जिभेला लावली तर खारट.

विहीर 18 फूट खोल, पाणी पाच फूट. पंप सुरू करण्याआधी वरच्या पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मीटरने मोजली (क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा): 1.4 डेसिसायमन प्रति मीटर. चालवून घेण्यासारखं पाणी. मग बाटलीला दगड बांधला, बुचाला सुतळी लावली, बाटली तळाशी सोडून सुतळीला झटका दिला. तळाचं पाणी 5.2. दुपारची पाळी चालू असताना नोझलमधून येणारं पाणी 4.1. सिंचनाच्या पाण्यासाठी 0.7 च्या खाली निर्धास्त आणि 3 च्या वर धोका, अशी ढोबळ मर्यादा धरतात.

किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. त्या हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली सुमारे 40 फूट गोडं पाणी टिकतं. याचीच उलटी बाजू अशी की वरची पातळी एक फूट खेचली, तर खालचं खारं पाणी कितीतरी जास्त वर चढू पाहतं. पावसाळा संपून सहा महिने झालेले असतात, पातळी आधीच उतरलेली. त्यात पंप दिवसातून तीन वेळा लावायचा आणि फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं खालचं तोंड, तळापासून अर्ध्या फुटावर. म्हणजे नेमकं सगळ्यात खारं पाणी उचलून गवताला घातलं जात होतं.

किती घातलं, तेही मोजलं. सरळ काठाचे दहा डबे लॉनवर पसरून स्प्रिंकलर एका पाळीएवढा, दहा मिनिटं चालवला. कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे चार. सरासरी दोनच्या किंचित खाली. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि फवारा एका बाजूला वाहून जातो, त्यामुळे ही तफावत. तीन पाळ्या मिळून दिवसाला साडेपाच मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा रोज साधारण 1,540 लिटर. एप्रिलमध्ये जवळपास तेवढंच पाणी उडून जातं. पाणी गेलं, मीठ राहिलं. लिटरला दोन ग्रॅम धरले तरी दिवसाला तीन किलो. तीन आठवड्यांत साठ किलोंच्या वर. काकांना म्हटलं, "एक अख्खी गोणी मीठ आपण या गवतावर शिंपडलंय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खुरपीने एक ढेकूळ काढलं. मुळं दीड इंचावर थांबलेली आणि त्याखालची माती कोरडी ठणठणीत. थोडंथोडं पाणी वरचेवर दिलं की मुळं वरच राहतात, आणि मीठही नेमकं त्याच थरात साचतं.

शेठ फोनवर म्हणाले, गोड्या पाण्याचा टँकर मागवू. 10,000 लिटरच्या टँकरने या लॉनवर 36 मिलिमीटर पाणी बसलं असतं आणि मीठ बरंच खाली गेलं असतं, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये इथल्या कितीतरी वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. तेच पाणी गवतावर ओतायला माझा ठाम नकार असतो, आणि तो मी स्पष्ट सांगतो. शिवाय गरजही नव्हती. किनाऱ्यावरची लॉन उन्हाळ्यात हिरवी ठेवायची नसते, जिवंत ठेवायची असते. हरळीची जात वरून वाळली तरी तिच्या कांड्या आणि बुंधे तग धरतात.

फुटव्हॉल्व्ह अडीच फूट वर घेतला. असं करताना फ्लोट स्विच, म्हणजे पातळी उतरली की पंप आपोआप बंद करणारा तरंगता स्विच, बसवलाच पाहिजे, नाहीतर पातळी व्हॉल्व्हखाली गेली की पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि सील जळतं. दुपार-संध्याकाळच्या पाळ्या बंद. संध्याकाळी पाणी दिलं तर दमट हवेत पाती रात्रभर ओली राहून बुरशीही लागते. चौथ्या दिवशी एकदाच, पहाटे पाचला, 15 मिलिमीटर. तेही लॉनचे दोन भाग करून, एक आज आणि एक उद्या. एका भागाला 2,100 लिटर लागतात, ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन टप्प्यांत. मध्ये तासभर पंप बंद, म्हणजे विहीर सावरते. स्प्रिंकलरऐवजी पाइपने जमिनीलगत, पातीवर खारं पाणी सुकू न देता. प्रत्येक वेळी आधी ईसी बघायची. 2 च्या वर गेली की त्या दिवशी पाणी नाही. गवत कापायचा मॉवर पाऊण इंचावरून दीड इंचावर. खत बंद. एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या. ते पाणी कडेच्या कुंड्यांना.

मेअखेर लॉन गवताच्या पेंढ्यासारखी दिसत होती. शेठ नाराज होते. पण पाती बाजूला केली की बुंध्याशी फिकट हिरवा कोंब दिसायचा, आणि काका तो रोज सकाळी बघायचे.

जितका मातीचा थर, तितकं पाणी त्यातून आरपार गेलं की बहुतेक मीठ धुऊन निघतं. सहा इंचांना 150 मिलिमीटर. मृगाचा पाऊस जोरात लागला की एवढं पाणी इथे दोन-चार दिवसांत पडतं, फक्त निचऱ्याच्या चरी आधी मोकळ्या हव्यात. त्या मेमध्येच साफ केल्या होत्या. जूनच्या शेवटी पहिली कापणी झाली. समुद्राकडच्या कडेचा पाच फुटांचा पट्टा मात्र उठला नाही. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार तिथे वर्षभर बसतात. तिथे पुन्हा गवत लावलं नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीचे फाटे आणून जुलैत टोचले.