तुम्ही विचारलंत म्हणून: वाटेला वर्गणी कसली?

"गडावर वाट असतेच की. तिला वर्गणी कसली मागता?" पावतीपुस्तक काढलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा दोष नाही. वाट ही कुणी बांधायची गोष्ट असते, हे मलाही पंधरा वर्षं ट्रेक करून कळलं नव्हतं.

माणसांच्या चालण्यानं वाट झिजते खरी, पण तिचा जीव घेतं ते पाणी. उतारावर वाट सरळ खाली धावत असली की पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओहोळ होतो. माती जाते, मुरूम उरतो. मग दिवाळीनंतर येणारे लोक घसाऱ्याला घाबरून कडेच्या गवतातून चालतात आणि दोन हंगामांत एका वाटेच्या तीन होतात. उपाय जुनाच आहे. ठरावीक अंतरावर दगडांची तिरपी ओळ आडवी बसवायची, म्हणजे पाणी वेग धरायच्या आत बाजूला उतरतं. दगड मोठा हवा आणि निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेला हवा. वर दिसतो वीतभर, पण तेवढ्यासाठी चार माणसं, दोन पहारी आणि अर्धी सकाळ जाते. रविवारच्या श्रमदानात आम्ही शहरातली मंडळी हौसेनं घमेली उचलतो आणि खरं सांगायचं तर जेवणानंतर फारशी कामाची उरत नाही. दगड बसवणारा गडी गावातलाच लागतो. त्याची मजुरी, हीच ती वर्गणी.

मग कंपन्यांकडून का घेत नाही? २०१३च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला लावावे लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. घेतले की एकदा! पैसे आले फेब्रुवारीत, खर्च दाखवायचा ३१ मार्चच्या आत, आणि वनखात्याची परवानगी अजून कागदावरही आलेली नव्हती. शेवटी उभा राहिला तो पायथ्याशी एक झकास फलक. वाट होती तशीच. फलकाच्या सावलीला आता शेळ्या बसतात, तेवढा उपयोग झाला.

त्यानंतर आम्ही गावात बसलो. पायथ्याला ट्रेकर्सना जेवण देणारी पाच घरं आहेत. ठरलं असं, की ताटामागे दहा रुपये वाटेचे, आणि गाव जमवेल तेवढेच आम्ही शहरातून घालायचे. कासच्या पठारावर गावांची समितीच शुल्क घेते, हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कल्पना पटवावी लागली नाही. "पण हिशेब कोण ठेवणार?" एका मावशींनी विचारलं, आणि मग रात्री अकरापर्यंत त्यावरच वाजलं. अखेर जमाखर्च मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहायचं ठरलं. पहिल्या महिन्यात तिथे लिहिलं होतं: 'जमा १,१४०. पहार एक, ६५०.' खाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कुणाचा तरी शेरा होता: 'पहार कोणाच्या घरी आहे?'

तो शेरा वाचला तेव्हा आता हे टिकेल असं मला पहिल्यांदा वाटलं.

गेल्या जुलैत त्याच मावशींचा फोन आला. दुसऱ्या वळणावरची ओळ गाळानं भरली होती, पोरांनी मोकळी केली म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका एवढ्यात. पाऊस लई हाय."