मेटाव्हर्समध्येपण गरीब तो गरीबच

नील स्टीफन्सनची १९९२ सालची 'स्नो क्रॅश' ही कादंबरी परत वाचायला घेतलीय आणि खरं सांगू, तलवारबाजी वगैरे ठीक आहे पण मला जास्त पकडून ठेवतात ते त्यातले पैशाचे बारीकसारीक तपशील. नायक राहतो कुठे, तर भाड्याच्या गोदामातल्या एका गाळ्यात, तोही रूममेटसोबत, आणि सुरुवातीला पोटासाठी माफियाचे पिझ्झे पोचवतो, अर्ध्या तासाच्या आत. गॉगल चढवला की मात्र हाच गडी मेटाव्हर्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं उभ्या केलेल्या आभासी जगात, बंगलेवाला, कारण मित्रांनी मिळून सुरुवातीलाच मोक्याची जागा घेऊन ठेवलेली (प्लॉटिंगवाले काही तिथंही पाठ सोडत नाहीत!).

२०२१ मध्ये फेसबुकने ह्याच मेटाव्हर्सवरून कंपनीचं नाव मेटा केलं तेव्हा बंगल्याचं स्वप्न तेवढं दाखवलं, गोदामातला गाळा नाही. आणि कादंबरीत पब्लिक टर्मिनलवरून, म्हणजे सार्वजनिक कॉम्प्युटरवरून, येणारा माणूस मेटाव्हर्समध्ये ब्लॅक अँड व्हाइट, खरखरीत दिसतो, म्हणजे ह्याची ऐपत किती ते बघताक्षणी सगळ्यांना कळणार. थोडे पैसे असले तर दुकानातला रेडीमेड अवतार (तिथं दिसणारं आपलं रूप) घ्यायचा, मग गर्दीत तसलेच ढिगानं. हे सगळं जबरदस्त जमलंय. पुढचं ते प्राचीन सुमेरियन लोकांचं पुराण मात्र जाम लांबवलंय राव.