ये, आ, वा, रा, बा

तण्णी म्हणजे पाणी. हे मला कळलं जून १९९४ मध्ये, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, आणि तोवर ते पोर रडून रडून पार घामाघूम झालं होतं. धारावीतली महापालिकेची शाळा, मराठी माध्यम, पहिलीचा वर्ग, बाहेर धो धो पाऊस, आत पन्नास-पंचावन्न पोरं आणि त्यातली निम्मी रडतायत, आणि हा एक मुलगा माझ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून एकच शब्द म्हणतोय, तण्णी, तण्णी. मला वाटलं बहिणीचं नाव घेतोय. मी आपली विचारतेय, "कोण रे तन्नी? ताई का तुझी? कुठल्या वर्गात आहे?" आणि तो अजून जोरात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या तमिळ माध्यमाच्या टीचर जिना उतरत होत्या, त्यांनी दारातूनच सांगितलं, "अहो बाई, पाणी मागतोय तो." अख्खा ग्लास घटाघटा प्यायला, अर्धा शर्टावर सांडला, आणि रडणं बंद.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी एक छोटी वही केली आणि पुढची तीस वर्षं दर जूनला ती पर्समध्ये असायची. तमिळमध्ये तण्णी, तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, गुजरातीत आपल्यासारखंच पाणी, हिंदी-उर्दूत पानी. मग शू लागलीय कसं म्हणतात, भूक लागलीय कसं म्हणतात, आई कधी येणार कसं विचारतात. नव्या बाई जॉइन झाल्या की मी त्यांना अभ्यासक्रमाचं काही सांगायच्या आधी ही वही द्यायचे. पहिल्या आठवड्यात पोराला तुमच्याकडून हेच चार शब्द लागतात, बाकी मराठी ते तुमच्यापेक्षा फास्ट शिकतं.

बाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं की मराठी शाळेत तमिळ पोर कसं. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी, आणि आमच्यासारख्या इमारतीत तर एकेका मजल्यावर वेगळी भाषा, सकाळचं सत्र वेगळं, दुपारचं वेगळं. पण माणसं काही माध्यम बघून शेजारी राहत नाहीत ना. धारावीत कोळीवाडा जुना, कुंभारवाड्यातली माणसं सौराष्ट्रातून आलेली, तिरुनेलवेलीकडचे तमिळ लोक, कलबुर्गीकडचे, सोलापूरचे, मराठवाड्यातून दुष्काळात आलेले, जरीकाम करणारे यूपी-बिहारचे. एकाच गल्लीत सगळे. मग कुणी शेजारणीच्या पोरासोबत आपलं पोर पाठवतं, कुणाला वाटतं इथंच राहायचंय तर मराठी आलेली बरी. त्यामुळे माझ्या हजेरीपत्रकात मराठी आडनावांच्या मध्ये मध्ये सगळा देश असायचा.

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम, ज्याला आता सगळे प्रवेशोत्सव म्हणतात, तो सुरुवातीला अगदीच साधा होता. पताका लावायच्या, फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम लिहायचं, दारात आम्ही बायांनी औक्षण करायचं, गुलाबाचं फूल आणि पुस्तकं द्यायची, मोठ्या बाईंचं दोन मिनिटांचं भाषण. पहिली दोन-तीन वर्षं असंच चाललं. माझ्या मते तो आमचा कार्यक्रम होता आणि पोरं पाहुणी होती. तो त्यांचा कसा झाला तेच मला लिहायचंय, कारण ते काही कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नाही.

एका वर्षी आदल्या संध्याकाळी आम्ही दारात रांगोळी काढत होतो. एक आई पोराची चौकशी करायला आलेली, ती बराच वेळ उभी राहून बघत होती. मग हळूच खाली बसली, रांगोळीच्या डब्यात हात घातला आणि आमच्या रांगोळीच्या शेजारी ठिपके मांडायला लागली. कोलम. आम्ही ठिपके जोडून रेघा ओढतो, तिची रेघ ठिपक्यांच्या बाजूबाजूनं वळत, त्यांना वळसे घालत परत जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली, मध्ये हात एकदाही उचलला नाही. आमच्या शिपाई मामांनी टॉर्च धरला होता तिला. रात्री पाऊस आला आणि सकाळपर्यंत दोन्ही धुऊन गेलं, पण सकाळी ती पोराला घेऊन आली ती अर्धा तास आधी, आणि परत काढलं. त्यानंतर कोलम कधी चुकलं नाही. ती नसली तर दुसरी कुणी.

औक्षणाचंही तसंच. मी दारात ताट घेऊन उभी होते, एकेका पोराला कुंकू लावत होते, आणि एक आई रांगेतून मुलीला घेऊन हळूच बाजूला झाली. बोलली काहीच नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता संकोच, की आता यांना नाही कसं म्हणू. आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाईंनी ते बघितलं. त्या स्वतः उठून गेल्या, त्या मुलीचा हात धरला आणि दुसऱ्या दारानं तिला वर्गात घेऊन आल्या, पहिल्या बाकावर बसवलं. पुढच्या वर्षी ताट नव्हतंच. प्रत्येकाला फूल आणि डोक्यावरून हात. काही जणींना वाटलं की परंपरा मोडली, स्टाफरूममध्ये थोडी चर्चा झाली, पण मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. शाळेच्या दारात पहिल्याच दिवशी कुणाला बाजूला व्हावं लागत असेल तर ते स्वागत कसलं.

आणि कुंभारवाड्याच्या त्या आजी! नातवाला सोडायला आल्या त्या डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीत बोळकी, भातुकलीला असतात ना तेवढी, भाजून लाल झालेली, साठ-सत्तर तरी असतील. "बद्धा छोकराओ माटे," म्हणाल्या, सगळ्या मुलांसाठी. आता गंमत बघा, पहिल्या दिवशी खरी अडचण असते ती पोराचा हात आईच्या पदरातून, ओढणीतून सोडवायची. एक हात सोडवला की दुसरा धरतं. आणि इथं प्रत्येकाच्या दोन्ही हातांत अलगद धरायला लागणारं एक बोळकं आलं, फुटेल म्हणून दोन्ही हातांनी धरलं, आणि पदर आपोआप सुटला. मी डोळ्यांनी बघितलंय, रांगेत उभी असलेली सगळी पोरं खाली बोळक्याकडे बघत बघत वर्गात जाऊन बसली. आजींना हे आधीच माहीत होतं की काय कोण जाणे. त्या होत्या तोवर दर जूनला टोपली आली, नंतर त्यांची सून आणायची.

परिपाठाबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी सगळी माध्यमं मैदानात एकत्र, राष्ट्रगीत एकत्र, पण प्रतिज्ञा ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत. एकदमच सुरू व्हायची आणि एकदम कधीच संपायची नाही, मराठीवाले आधी, मग उर्दूवाले, तमिळ थोडं नंतर, आणि नवीन पालक बावरून बघत राहायचे की हा काय गलका. एकदा डबा खाताना तेलुगू माध्यमाचे सर म्हणाले, बाई, ही प्रतिज्ञा मुळात आमच्या भाषेत लिहिलेली, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव म्हणून होते त्यांनी, विशाखापट्टणमला असताना. मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं पुस्तकाच्या पहिल्या पानावर बघतेय, लहानपणी स्वतः पाठ केलेली, आणि कधी डोक्यातच आलं नाही की ही कुठून आली असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी तेलुगू बोलायचे, तो ताठ होऊन बसला. महिनाभर प्रतिज्ञा सांगायला त्यालाच पुढे यायचं असायचं, आणि मी येऊ दिलं.

पटनोंदणीसाठी मे-जूनमध्ये दारोदार फिरायचो त्याचं वेगळंच लिहावं लागेल. कागद नाहीत म्हणून लाजणारे आईबाप खूप. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात स्पष्ट आहे की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि हे एक वाक्य दारात उभं राहून सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा बदलायचा ते मी विसरणार नाही. मग यायचे ते सगळे पहिल्या दिवशी, पोराला तेल लावून, भांग पाडून.

पुढे पुढे पावलांचे ठसे घ्यायची पद्धत आली. ताटलीत रंग, त्यात पोराचा पाय, आणि मग कार्डशीटवर पहिलं पाऊल. आम्ही कुंकवाचं पाणी न घेता पोस्टर कलर घेतला, निळा नाहीतर हिरवा, पोराला हवा तो. खूप हसतात हो पोरं, तळव्याला गुदगुल्या होतात ना, रडणारी पण हसतात. एका वर्षी एक आई मुलीचा पाय पुसत खाली बसलेली, ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, माझंपण उमटवू का? मी कधी शाळेत गेलेच नाही." मी काही बोलू शकले नाही, नुसती ताटली पुढे सरकवली. तिनं साडी थोडी वर धरून पाय रंगात बुडवला आणि मुलीच्या ठशाच्या शेजारी दाबून ठेवला. तो कागद वाळल्यावर बघितलं तर दुसऱ्या बोटाच्या जागी एक बारीक पांढरी रेघ राहिली होती, जोडव्याची. बाकी अख्खं पाऊल निळं. त्या वर्षीपासून आयांसाठी मोठा कागद ठेवायला लागलो.

सगळे जून सारखे नव्हते अर्थात. २०२० चा जून तर आलाच नाही म्हणा. धारावी तेव्हा रोज बातम्यांत, आणि आमची पहिली मोबाईलवर, ती पण ज्यांच्या घरी एक फोन आणि तीन भावंडं त्यांची कशी ते त्यांनाच माहीत. मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, गोष्ट, गाणं, एक ते दहा. मुंबईत लहान मुलांचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला. आमचा पहिला दिवस आणि पाऊस नाही, छत्र्या नाहीत, रेनकोटचा तो ओला वास नाही, थंडीची सकाळ, आणि पहिलीत दाखल झालेली पोरं थेट दुसरीची होऊन दारात उभी. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, माझ्याही. एक मुलगी माझ्याकडे टकामका बघत होती, ओळखेना. मी म्हटलं, "चला, रांगेत या बरं." त्याबरोबर ती शेजारणीला म्हणाली, "अगं त्याच बाई आहेत, गोष्टीवाल्या!" त्या दिवशी हातही लावायचा नव्हता कुणाला, फूल पण टेबलावरून उचलून घ्यायचं. तो दिवस मला फार जड गेला आणि तरी तो माझ्या सगळ्यात आवडत्या पहिल्या दिवसांपैकी आहे.

आता त्या शीर्षकाचं. वहीत शब्द जमवता जमवता माझ्या लक्षात आलं की पोराला जवळ बोलवायचा शब्द सगळीकडे केवढासा आहे. आपलं ये, हिंदी-उर्दूत आ, गुजरातीत आव, तमिळमध्ये वा, तेलुगूत रा, कन्नडमध्ये बा. एका दमात म्हणता येतात. मग मी त्याचा खेळच केला, मी दारात उभी राहणार आणि वर्गानं मला आत बोलवायचं, ये, आ, वा, रा, बा, टाळ्या वाजवत. आवचा सूर लागेना म्हणून आव कडव्याच्या शेवटी, लांब ओढून. पोरांना इतकं आवडलं की कुणीही दारात दिसलं की सुरू, मोठ्या बाई आल्या तरी, खिचडीची बादली घेऊन मावशी आल्या तरी.

आणि हे उपयोगी पडायचं, कारण आमचा पहिला दिवस काही जूनमध्ये संपायचा नाही. गावी गेलेली कुटुंबं पेरणी आटोपून, लग्नं आटोपून, तिकीट मिळेल तशी परत यायची, जुलै उजाडायचा. तेव्हा पताका उतरलेल्या असतात, फुलं संपलेली, नव्या पुस्तकांना कव्हरं घालून झालेली. उशिरा आलेलं पोर सगळ्यात बिचारं, त्याला वाटतं आपल्याशिवायच सगळं झालं.

२०२३ चा जुलै. माझं शेवटचं वर्ष सुरू होतं. दुपारी खूप पाऊस होता, फळ्यावर काहीतरी लिहीत होते, मागे वर्गात एकदम शांतता झाली म्हणून वळले तर दारात एक मुलगी, बापाचं बोट धरून, छत्रीतून पाणी गळतंय, पायात नव्या चपला. बाप सांगत होता गाडी लेट झाली, रिझर्व्हेशन मिळालं नाही, वगैरे. मी म्हणणार होते ये गं बाळा आत, पण तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एकानं टाळी वाजवली आणि अख्खा वर्ग सुरू झाला, ये, आ, वा, रा, बा, आणि तो शेवटचा लांब आव. ती आधी बापाच्या मागे लपली. पोरांनी परत म्हटलं. तिच्या घरी कुठली भाषा ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि कुठल्या शब्दाला तिनं ओ दिली तेही कळलं नाही. तिनं चपला काढल्या, दोन्ही जुळवून भिंतीला लावून ठेवल्या, आणि ओल्या पायांनी आत आली. फरशीवर दारापासून दुसऱ्या बाकापर्यंत पावलं उमटली होती.