एका कागदावर पाच आकडे

गेल्या चवथीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. त्याचे वय ४७. तो घरी आल्यावर फोंड्यातील त्याच्या कपाटात पिशवीत भरून ठेवलेले सहा वर्षांचे तपासणीचे कागद मी बाहेर काढले आणि जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावले.

चार वर्षांपूर्वीच्या कागदावर उपाशीपोटी साखर १०६ होती. त्या प्रयोगशाळेने छापलेली वरची मर्यादा ११० असल्यामुळे आकड्यापुढे कसलीही खूण नव्हती. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, १८८ आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ३६ होते. त्यांवर ‘तेलकट कमी करा’ एवढाच सल्ला मिळाला होता. त्याच महिन्यात ताप आला म्हणून तो दुसऱ्या दवाखान्यात गेला होता, तिथल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात रक्तदाब लिहिला होता, १३४/८६. कमरेचा घेर कुठेच नव्हता. यांतला एकही आकडा घाबरवणारा नाही, आणि म्हणूनच ते सगळे एका कागदावर मांडण्याचे कोणाला सुचले नाही.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे चयापचयातील बिघाडांचा समूह. त्याचे निदान होते ते हे आकडे एकत्र पाहिल्यावरच. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी या बिघाडांमागे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होणे हे समान सूत्र असल्याचे मांडले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार पाचांपैकी कोणतेही तीन बिघाड असले की निदान होते. आपल्याकडच्या पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० किंवा त्याहून अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ यांपासून पुढे. आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. औषधाने आटोक्यात ठेवलेला रक्तदाबही यात मोजला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हे निदान झालेल्याला पुढील काळात मधुमेह होण्याचा धोका सुमारे पाचपट आणि हृदयविकाराचा सुमारे दुप्पट असतो. दादाच्या कागदांत चार निकष चार वर्षांपूर्वीच पुरे झाले होते. पाचवा मोजलाच गेला नव्हता.

तो पाचवा, म्हणजे कमरेचा घेर, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यासाठी सुई लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. दादा वर्षानुवर्षे ३४ इंची पँट घालत होता आणि आपली कंबर वाढलेली नाही असे त्याला मनापासून वाटत होते. पँटचा पट्टा मात्र सुटलेल्या पोटाच्या खाली बसतो. शिंप्याची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, साधा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता धरली तेव्हा आकडा आला ९७ सेंटिमीटर. पोटातील अवयवांभोवतीची चरबी सरळ यकृतात उतरत राहते. मग यकृत गरज नसताना साखर आणि ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, एचडीएल घटते, आणि स्वादुपिंड अनेक वर्षे जादा इन्सुलिन ओतून साखर जवळजवळ जागेवर ठेवते. साखर वाढलेली दिसते ती या ओढाताणीच्या शेवटी. म्हणून केवळ ‘शुगर नॉर्मल आहे’ यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते.

वजनकाट्यावर विसंबणेही तसेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे दिली: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्यातला सडपातळ माणूसही आतून स्थूल असू शकतो.

गोव्यात ही गोष्ट अधिक मनावर घ्यायला हवी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के होते, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीवरचा पाव, दुपारी भरपूर भात आणि हुमण, म्हणजे माशाची आमटी, संध्याकाळी भाजी-पाव, रात्री पुन्हा भात, असा आमच्या घरातला दिवस आहे. वडिलांच्या पिढीत हाच भात शेतात आणि कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राबणाऱ्या शरीराला लागत होता. आज आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवरून जातो. मासळीला दोष देऊ नये, पानातल्या भाताच्या ढिगाकडे पाहावे. मद्यानेही ट्रायग्लिसराइड वाढते. आईवडिलांना मधुमेह असणे, गरोदरपणात साखर वाढलेली असणे, पीसीओएस (स्त्रियांतील अंडाशयाचा एक संप्रेरक-बिघाड), सोनोग्राफीत दिसलेले चरबीयुक्त यकृत, मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, तंबाखू, ही सारी लवकर तपासून घेण्याची कारणे आहेत. तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून मिळते; लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, आपण होऊन मागावे आणि टेप घरीच लावावी.

हे सारे समजल्यावर मी माझ्या पुतण्याकडे नीट पाहिले. तो २२ वर्षांचा आहे, हातपाय काटकुळे. त्याच्या मानेवरचा काळसर, मखमलीसारखा पट्टा वहिनी वर्षभर बेसन आणि लिंबू लावून घासत होत्या. तो मळ नव्हता. इन्सुलिनला प्रतिसाद कमी होत असल्याची ती त्वचेवरची खूण असू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याची कंबर ९१ भरली, ट्रायग्लिसराइड १७२, साखर ९७, रक्तदाब ११८/७६, एचडीएल ४३. पाचांपैकी दोन. आता तो संध्याकाळी वडिलांबरोबर पाऊण तास चालतो, आणि दोघांचे आकडे एकाच वहीत, शेजारशेजारच्या रकान्यांत लिहिले जातात.